जनरलची बारावी वही

११ मे १९५९, सांगली

सुटीचा तिसरा दिवस. माळ्यावरची ट्रंक खाली घेऊन मी ह्यांचे कपडे वेगळे करत बसले होते. ह्यांना जाऊन सहा महिने झाले होते. कोट कसरीच्या तोंडी जाण्याआधी कुणाच्या तरी अंगावर गेलेले बरे, एवढाच त्यात विचार होता. कोटांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांत, अकरा वह्या निघाल्या. त्यांत जनरल होता.

हा जनरल ऑस्ट्रियाचा. मागच्या शतकातला, किल्ले बांधणारा. त्याचं नाव लांब आहे आणि माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. घरात आम्ही त्याला जनरलच म्हणत आलो. लढाईत हे फौजेच्या इंजिनिअरांबरोबर नकाशे काढायला इटलीत होते. तिथे डोंगरातल्या एका खिंडीत ह्यांनी त्याने बांधलेला किल्ला पाहिला, आणि खालच्या गावातल्या म्हाताऱ्या पाद्र्याने ह्यांना त्याच्या चरित्राचं एक जर्मन पुस्तक दिलं. बाकीचे लोक लढाईवरून घड्याळं आणि ब्लँकेटं घेऊन परत आले. हे जनरलला घेऊन आले. पुढे बांधकाम खात्यात ओव्हरसिअर झाले, पुस्तकावरून जर्मन शिकले, आणि बारा वर्षं मराठीत त्याचं चरित्र लिहीत राहिले.

मी शाळेत गणित शिकवते. किल्ल्यांचं मला वेड नाही. पण सुरू केलेलं काम अर्धं पडलेलं मला बघवत नाही, मग ते नवऱ्याचं का असेना. अकराव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "बारावी आणि मूळ पुस्तक मालवणास, बाबल तांडेलाकडे."

मालवणात ह्यांची तीन वर्षं नोकरी झाली होती, धक्क्याच्या दुरुस्तीवर. मी शाळेपायी सांगलीतच राहिले. बदली झाल्यावरही हे दर मे महिन्यात पंधरा दिवस एकटे तिकडे जात. मला कधी चल म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

ओळखीच्या छापखानेवाल्यांना वह्या दाखवल्या. जूनपर्यंत मशीन मोकळं आहे, छापतो म्हणाले. पण माणूस मेला कसा हेच ज्यात नाही, ते चरित्र वाचणार कोण? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी दोन लुगडी आणि अकरावी वही पिशवीत घातली.

फोंडा घाट

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. घाटात गाडीचं पाणी उकळलं आणि सगळ्यांना उतरवलं. बाकीचे करवंदं शोधायला गेले. मी दगडावर बसून वही वाचली. आभाळ खाली आलेलं, वारा बंद, खाली कोकण धुरकटलेलं. जणू कुणी ते पुसायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर कंटाळलं होतं.

वाचकांना हा माणूस ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बाप मिठाच्या कोठारावर कारकून. मुलगा हिशेबात आणि चित्रकलेत हुशार, म्हणून फौजेच्या इंजिनिअरिंग शाळेत गेला. तरुणपणी एका वेढ्यात, गोठलेल्या जमिनीत खंदक खणत खणत शत्रूच्या भिंतीपर्यंत माणसं नेण्याचं काम त्याच्याकडे आलं. ते त्याने केलं आणि डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गमावली. त्यानंतर खिंडीतला किल्ला, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. डोंगराच्या पोटातून वर जाणारा दगडी जिना ह्यांनी वहीत इतक्यांदा काढला होता की मला तो आमच्या घराच्या जिन्यापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

पुढे त्याला समुद्रकाठच्या खाजणात किल्ला बांधायला सांगितलं. दमट हवा आत येऊ नये म्हणून त्याने तोफांच्या दारूचं कोठार इतकं घट्ट बंद केलं की आतली वाफ बाहेर जाईना. एका हिवाळ्यात सगळी दारू चिखल झाली. चौकशी झाली. बढती अडली, आणि पुढची कित्येक वर्षं त्याला शाळेत पोरांना रेघा ओढायला शिकवावं लागलं. ह्या पानाच्या समासात ह्यांनी लिहिलं होतं, "भिंतीलाही श्वास लागतो." जनरलपद मिळालं तेव्हा त्याला घोड्यावर बसवत नव्हतं. तोवर नव्या तोफा आल्या होत्या आणि त्याच्या भिंतींचा उपयोग संपला होता. अकराव्या वहीच्या शेवटी त्याला पत्र येतं की खिंडीतला किल्ला यादीतून काढला. तो बायकोला घेऊन, घोडागाडीत बसून, एकदा तो किल्ला बघायला निघतो.

तिथे वही संपते. गाडीने भोंगा वाजवला आणि आम्ही चढलो.

मालवण, १३ मे

शाळेतल्या सहकारी बाईंच्या बहिणीकडे पिशवी टाकली आणि दुपारीच दांडीच्या किनाऱ्यावर गेले. वाळूत चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला हातात. मासेमारीचा हंगाम संपत आला होता. होड्या वर ओढून त्यांच्यावर माडाची झापं घालण्याचं काम चाललं होतं. उलट्या घातलेल्या होड्या, सुकत घातलेली कोळंबी, इथली सुंगटं, त्यांच्यावर माशा, आणि समुद्र शिशासारखा. मालवणचा पाण्यातला किल्ला समोरच होता. काळा, लांबट, पाण्यात अर्धा बुडाल्यासारखा. दरवाजा कुठे दिसेना. ह्यांनी एकदा सांगितलं होतं की तो दोन बुरुजांच्या मध्ये असा लपवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा मी भाजी निवडत होते आणि हूं म्हटलं होतं.

बाबल तांडेल साठीचा, हडकुळा, कमरेला लाल रुमाल बांधलेला. मी कोण आणि ह्यांचं काय झालं ते सांगितल्यावर तो नुसता उठून उभा राहिला. त्याची बायको सुंदरा आतून आली. ती मासे विकते, त्यामुळे तिला बोलण्याची अडचण नाही. तिने मला हात धरून ओटीवर बसवलं, पायांवर पाणी घातलं, शहाळं दिलं, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्या माणसाक बापाशीचो म्हाळ आठवना नाय. पण तुमच्या जनरलाच्यो लढायो इचारा, सगळ्यो सांगतलो."

ह्यांना होडीतून किल्ल्याभोवती फिरवायचं काम बाबलकडे असे. हे भिंती बघत, टिपणं करत, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवत. अकरा वह्यांचा पहिला ऐकणारा हा. मी एकही पूर्ण ऐकली नव्हती.

जेवायला तिने मला थांबवलंच. उकड्या तांदळाचा भात, फणसाची भाजी, सोलकढी. आमच्याकडे भात मऊ आणि पांढरा लागतो. हा लाल, टपोरा, चावून खायचा. बरा होता. मी म्हटलं, हेही सोलकढी-भातच खात असतील इथे. सुंदराने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने समुद्राकडे. मग कळलं की हे सकाळी बांगडा आणि संध्याकाळी बांगडा खात. पंधरा दिवस. सांगलीला येताना, दाढी करावी तसे नेमाने, लिंबाने हात धुऊन येत. मला वास येत असे. मी बोलले नव्हते.

जेवणानंतर बाबलने कौलांखालच्या माळ्यावरून डबा उतरवला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. मागच्या मे महिन्यात ह्यांनी वही आणि जर्मन पुस्तक त्याच्या हवाली केलं, तेव्हा सांगितलं होतं की ह्याला पावसाचा थेंब लागता कामा नये. बाबलने शब्द पाळला होता. होडीच्या फटीत भरतात तसा झाकणाच्या फटीत कापूस ठोकून बसवला होता, आणि त्यावर राळ माशाच्या तेलात उकळून कडकडीत ओतली होती. एकदा नव्हे. तीन हात.

"व्हडयेक वर्सभर पाणी लागना नाय," तो म्हणाला, "मगे वहीक कित्याक लागतला?"

पटाशीने त्याने झाकण उचकटलं. पाणी लागलं नव्हतं. पण राळ गरम असतानाच आत उतरली होती, आणि कौलांच्या उन्हाने जी राहिली होती तीही वितळून आत गेली होती. वही आणि पुस्तक मिळून गुळाच्या ढेपेसारखा एक तपकिरी गठ्ठा झाला होता. मी कोपरा ओढून पाहिला. पान सुटलं नाही, कोपरा हातात आला.

बाबल उकिडवा बसला. दोन्ही हात त्याने डोक्यावर ठेवले आणि तसाच राहिला. मला त्या दारूच्या कोठाराची आठवण झाली, पण ती सांगून कुणाचं भलं होणार नव्हतं. मी रॉकेल आहे का विचारलं. सुंदराने बाटली आणली. परातीत रॉकेल ओतून तो गठ्ठा मी त्यात भिजत घातला आणि वर दगड ठेवला.

तेव्हा बाबल म्हणाला, "वैनी, आतला सगळा माका येता."

१४ मे

सकाळी पेन्सिल आणि कोरी वही घेऊन गेले. झापं विणताना तो सांगत होता आणि मी ओटीवर बसून लिहीत होते. माझे विद्यार्थी पाढे म्हणताना अडखळतात तेवढाही तो अडखळला नाही. घोडागाडीच्या घोड्यांचा रंग, वाटेतल्या खाणावळीतलं बटाट्याचं सूप, गाडीचं चाक कुठल्या ओढ्यात रुतलं, सगळं. त्याच्या मालवणीतला जनरल मला वहीतल्या जनरलपेक्षा जिवंत वाटला. तिथे तो "मार्गस्थ झाला", इथे तो "निघालो."

मग ती दोघं खिंडीत पोचतात. किल्ल्यावर एक म्हातारा पहारेकरी सोडून कुणी नाही. कोठारांत गवत भरलेलं. जनरल जिना चढायला लागतो.

"बायको फुडे," बाबल म्हणाला. "ती चलाक. भराभर चढता आणि वरसून हाक मारता, चला, उशीर जाता. हो थोडो चढता आणि थांबता. भिंतीचो चुनो नखान खरवडता. बायकोक वाटता, बघता हा. तो बघना नाय. तेका दम लागलेलो. असो तीन वेळा बसता. तिसऱ्या वेळेक उठना नाय."

माझी पेन्सिल थांबली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पन्हाळ्याला गेलो होतो. हे प्रत्येक वळणावर थांबत आणि खिशातल्या चाकूने चुना खरवडून बघत. मी वर उभी राहून, पाचची गाडी चुकेल, असं ओरडत होते. एकदा नव्हे, जितक्यांदा थांबले तितक्यांदा. गाडी चुकली नाही. आम्ही पाऊण तास आधी पोचलो होतो.

राहिलेलं लिहून घेतलं, तारीख घातली.

दुपारी परात बघितली. रॉकेलमध्ये राळ मऊ झाली होती, पण तिच्याबरोबर शाईही सुटली होती. एकेक पान सुरीने सोडवत गेले तसं निळं रॉकेल हाताला लागत होतं, अक्षर नव्हतं. जर्मन पुस्तकाचा तर लगदाच झाला होता. बाबल शेजारी बसून प्रत्येक पान माझ्या हातातून घेत होता आणि फळीवर ओळीने पसरत होता, मासे सुकत घालावेत तसं. अगदी शेवटचं पान तेवढं वाचता आलं, कारण ते पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ह्यांचंच अक्षर, शेवटी शेवटी उजवीकडे उतरत गेलेलं:

"वाटेतल्या खाणावळीत त्यास ताप भरला. सातव्या दिवशी अंत झाला. पत्नी उशाशी होती. किल्ला पाहणे राहून गेले."

मी ते दोनदा वाचलं आणि मग मोठ्याने वाचून दाखवलं. बाबलला म्हटलं, ह्यात जिना नाही, चुना नाही. हा माणूस किल्ल्यावर पोचलाच नाही. तुम्ही सकाळी मला सांगितलंत ते कुठलं?

त्याने पान हातात घेऊन पाहिलं. त्याला वाचता येत नाही.

"वाचल्यानी तसा नाय, वैनी," तो म्हणाला. "सांगल्यानी तसा."

मग हळूहळू बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी किल्ल्यावर चढताना ह्यांना घेरी आली. बाबलने पाठीवर घेऊन खाली आणलं आणि होडीतून थेट डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने काळजाचं दुखणं सांगितलं, चढण बंद केली. त्याच संध्याकाळी ह्यांनी बाबलला समुद्राच्या पाण्यात उभं करून शपथ घातली की हे सांगलीला कळता कामा नये. मागच्या वर्षी पुन्हा आले. शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं, मग वही मिटली आणि म्हणाले, हे पुस्तकातलं झालं, आता खरं ऐक. आणि ती जिन्याची गोष्ट सांगितली. वही मात्र घरी नेली नाही. घरी नेली की संपली, म्हणाले. इथे असू दे, पुढच्या वर्षी यायला कारण राहील.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

सुंदरा टोपली धूत होती, ती मान वर न करता म्हणाली, "बाय, तुमका सांगल्यानी आसता, तर तुमी तेंका हंय येवक दिला आसता?"

"नसतं दिलं," मी म्हटलं.

"मगे?"

ह्यांना ताप आला नव्हता, सात दिवस मिळाले नव्हते, आणि कुणी उशाशी नव्हतं. कार्तिकात एका दुपारी खुर्चीत बसून एक बूट घातला आणि दुसरा हातातच राहिला. मी तेव्हा सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. शिपाई बोलवायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तास संपू दे.

संध्याकाळी निघताना सुंदराने मला विचारलं की जनरलला मूलबाळ होतं का. नव्हतं, मी सांगितलं. मग त्याचा म्हाळ कोण घालतं? मी म्हटलं, त्यांच्यात तशी रीत नसते. तिला ते पटलं नाही. भाद्रपदात, पितृपक्षात, सासऱ्याबरोबर त्याचंही पान वाढीन, म्हणाली. दोन माणसांचं रांधलंय तिथे तिसऱ्याला काय. दुसरा माणूस कोण ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मुक्कामी जाऊन दोन्ही शेवट समोर ठेवले. एक चार ओळींचा, खरा, कुणालाही पटेल असा. दुसरा सात पानांचा. छापखानेवाल्यांना कुठला आवडला असता ते मला ठाऊक होतं. सात पानं चांगली होती. ह्यांनी बारा वर्षांत दुसरं काहीही इतकं चांगलं रचलेलं नव्हतं.

१५ मे

सकाळी बाबलला म्हटलं, मला किल्ल्यावर न्या. त्याने झापं बाजूला केली आणि वर ओढलेली होडी पुन्हा पाण्यात ढकलली. वारा नव्हता, पाणी जड होतं. अगदी भिंतीखाली गेल्यावर दरवाजा दिसला. उतरताना माझा पाय घसरला आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. आत चार घरं, एक विहीर, बांधलेली गाय. बाबल मला तटावर जाणाऱ्या पायऱ्यांपर्यंत घेऊन गेला आणि खालीच थांबला.

जागा त्याने दाखवल्या नाहीत. दाखवायची गरज नव्हती. तीन ठिकाणी भिंतीचा चुना चाकूने खरवडलेला होता. जुना, नवा, आणि मधला. तिन्ही ठिकाणांहून समुद्र दिसत नाही, काहीच दिसत नाही, फक्त समोरची भिंत दिसते. मी पहिल्या ठिकाणी बसले. मग दुसऱ्या. घाई नव्हती, माझी गाडी साडेदहाची होती.

तिसऱ्या ठिकाणी बसून मी पिशवीतून कालची वही काढली. सात पानं सुबकपणे फाडली, घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. मग छापखान्यासाठी कोऱ्या पानावर, उजवीकडे न उतरता, लिहिलं: वाटेतल्या खाणावळीत जनरलला ताप भरला, सातव्या दिवशी तो गेला, बायको उशाशी होती. किल्ला बघायचा राहिला.